पद्मिनी गरम झाली की बंद पडते आणि रात्री चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो, कुठून बघायला सुरुवात करू?

पद्मिनीवाला_अमळनेर

रामराम मंडळी. घरी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, वडिलांनी घेतलेली, हँडलवरचा गिअर, इंजिनचं काम झालेलं आहे, बॉडी चांगली आहे. विकायची नाहीये आणि शोभेला उभी पण करायची नाहीये, लग्नकार्याला, धुळ्याला जायला आम्ही तीच काढतो. त्रास दोन आहेत, का दोन्हीचं मूळ एकच आहे तेच कळत नाहीये.

पहिला त्रास, सकाळी गार असताना एका सेल्फमध्ये चालू होते, काही तक्रार नाही. पण धुळ्याला निघालं की पारोळा सोडून हायवेला लागल्यावर थोड्या वेळात मिसिंग सुरू होतं, झटके मारते आणि बंद. झाडाखाली बॉनेट उघडून अर्धा तास उभी ठेवली की परत चालू होते जसं काही झालंच नाही. दुसरा त्रास रात्रीचा, हेडलाईट लावले की डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा एकदम मंद पेटलेला राहतो, रेस दिली तरी जात नाही, हेडलाईट बंद केले की जातो. आणि दोनचार दिवस गाडी रात्रीची फिरवली की सकाळी सेल्फ जड मारतो.

आतापर्यंत बॅटरी नवीन टाकली, कॉइल (प्लगला ठिणगी पुरवणारी) नवीन टाकली, पॉइंट (कॉइलचा करंट चालूबंद करणारे) आणि कंडेन्सर बदलले. एक इलेक्ट्रिशियन म्हणतो आता अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) बदला, दुसरा म्हणतो पूर्ण वायरिंग नवीन करा. वडिलांनी बऱ्याच वर्षांपूर्वी मूळचा डायनामो (तेच काम करणारं जुन्या पद्धतीचं यंत्र) काढून अल्टरनेटर बसवून घेतला होता, जुना रेग्युलेटरचा डबा अजून तिथेच आहे. पैसे घालायला ना नाही पण कशात घालायचे ते तरी कळू द्या. मल्टिमीटर घरी आहे, शेतातल्या मोटारीच्या पॅनलसाठी घेतलेला.

चाळीसगाव_बायपास

भाऊ, मे महिन्यात आपल्याकडे हे होतंच, व्हेपर लॉक आहे हा. इंजिनच्या उष्णतेने पेट्रोल पंपात आणि पाइपात पेट्रोलची वाफ होते, मग पंप नुसती वाफ ढकलत बसतो आणि कार्ब्युरेटर रिकामा. पंपावर ओला फडका टाक, पाच मिनिटात चालू झाली तर तेच. आमच्याकडच्या गाडीला कन्नडचा घाट चढताना हमखास व्हायचं, पाइप एक्झॉस्टपासून लांब घेतला, वरून कापडी स्लीव्ह चढवली, तेव्हापासून बंद झालं. लाल दिव्याचं मला कळत नाही, ते जाणकार सांगतील.

शिरपूरचे नाना

काय व्हयनं गाडीले भाऊ! पद्मिनी अजून रस्त्यावर आहे हे वाचूनच बरं वाटलं. आता एक ऐक, आजपासून मीटर लावल्याशिवाय एकही वस्तू विकत घ्यायची नाही. बॅटरी झाली, कॉइल झाली, पॉइंट कंडेन्सर झालं, अल्टरनेटर पण बदलशील आणि दिवा तसाच पेटलेला राहील, कारण या जुन्या गाड्यांमध्ये वस्तू कमी बिघडते आणि जोड जास्त बिघडतो.

चाळीसगावचे भाऊ म्हणतात ते व्हेपर लॉक खरंच असू शकतं, म्हणून आधी तो फरक करून घे आणि तो फरक गाडी बंद पडलेली असतानाच करायचा, गार झाल्यावर सगळं नीटच दिसणार. गाडी बंद पडली की लगेच डिस्ट्रिब्युटरच्या मधली जाडी वायर काढ, इन्सुलेशनवाल्या पकडीत धर, इंजिनच्या उघड्या लोखंडापासून ५-६ मिलीमीटरवर ठेव आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांग. निळा, जाड, टक टक आवाज करणारा करंट (म्हणजे ठिणगी) आला तर इग्निशन ठीक आहे, पेट्रोलकडे बघ. पिवळट, बारीक, अडखळत आला किंवा आलाच नाही तर कॉइल, कंडेन्सर, पॉइंट किंवा त्यांना मिळणारा व्होल्टेज यातलंच काहीतरी आहे. वायर फार लांब धरायची नाही, करंटला जायला जागा नाही मिळाली तर तो कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडतो. आणि आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं, गळत असलेलं नको, हे आधी बघ.

मग मीटर. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर, गाडी रात्रभर उभी असताना सकाळी किती, सेल्फ मारताना किती, चालू झाल्यावर किती आणि हेडलाईट लावून किती. भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली, सेल्फ मारताना १० च्या खाली फार जायला नको, आणि अल्टरनेटर नीट असेल तर चालू गाडीत १३.८ ते १४.४. हे चार आकडे दे, बाकी मग बोलू.

मीटरवाला_धुळे

नानांनी सांगितलंय त्यात थोडी भर घालतो कारण लाल दिव्याची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटतेय. अल्टरनेटरच्या गाडीत तो दिवा नुसता इशारा द्यायला नसतो. त्याचं एक टोक इग्निशन स्विचकडे, दुसरं अल्टरनेटरच्या फील्डकडे (आतलं चुंबक तयार करणारं वाइंडिंग). किल्ली ऑन केली की दिव्यातून थोडा करंट फील्डला जातो आणि त्यावर अल्टरनेटर जागा होतो, म्हणून कित्येक गाड्यांमध्ये तो बल्ब उडाला तर अल्टरनेटर चार्जच करत नाही आणि लोक अल्टरनेटर खोलून बसतात. चालू झाल्यावर दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज येतो, फरक शून्य, म्हणून दिवा विझतो.

आता तुमचा मंद पेटतो म्हणजे दोन टोकांमध्ये एकदीड व्होल्टचा फरक राहतोय. याची कारणं मुख्य दोन. एक, अल्टरनेटरमधला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेला. दोन, अल्टरनेटर व्होल्टेज नीट बनवतोय पण तो बॅटरी आणि स्विचपर्यंत येता येता मध्येच पडतोय. हेडलाईट लावल्यावरच पेटतो म्हणजे लोड वाढला की फरक वाढतो, मला दुसरंच कारण वाटतं. केळीच्या बागेत ड्रिपची मेन लाइन कुठे चोकअप झाली तर मोटरजवळ प्रेशर भरपूर आणि शेवटच्या झाडाला थेंब नाही, तसं आहे हे, मोटर बदलून काय होणार.

म्हणून नानांच्या चार आकड्यांबरोबर अजून हे घ्या. गाडी चालू, रेस थोडी जास्त, हेडलाईट ऑन. मीटर डीसी व्होल्टवर. (१) लाल वायर अल्टरनेटरच्या जाड बोल्टला, काळी अल्टरनेटरच्याच बॉडीला. (२) लाल अल्टरनेटरच्या बोल्टला आणि काळी बॅटरीच्या प्लसला, म्हणजे प्लस टू प्लस, इथे जे दाखवेल तेवढा व्होल्टेज वायरमध्ये वाया जातोय, अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. (३) बॅटरीच्या मायनसपासून अल्टरनेटरच्या बॉडीपर्यंत, हा अर्थिंगचा, हा ०.२ च्या आसपास ठीक. मीटरची टोकं थिंबलला (वायरीच्या टोकाची धातूची पकड) न लावता बॅटरीच्या शिशाच्या खुंटीलाच टेकवा, नाहीतर खुंटी आणि थिंबल यांच्यातला खराब जोड सुटून जातो. फॅन आणि पट्ट्यापासून हात, उपरणं, वायर लांब ठेवा.

जळगाव_गाडीप्रेमी

एवढं सगळं करण्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट टाका ना, पॉइंटची कटकटच नको, आणि बॅटरी एक साईझ मोठी टाका. जळगावात दोघातिघांनी बसवलंय, मस्त चालतंय.

शिरपूरचे नाना

किट वाईट नाही भाऊ, चांगलं बसवलं तर पॉइंट घासायची गरज राहत नाही, टायमिंग पण स्थिर राहतं. पण किटला पण तोच व्होल्टेज मिळणार ना जो आता मध्येच पडतोय, आणि काही किट कमी व्होल्टेजला पॉइंटपेक्षा जास्त नाटकं करतात. वर पॉइंट गेले तर पारोळ्याला कुठल्याही टपरीवर घासून लावून मिळतील, मॉड्यूल गेलं तर टेम्पोवर टाकून आणावी लागेल. आधी तार, जोड, अर्थिंग नीट होऊ दे, मग हौसेने टाकू दे. मोठी बॅटरी टाकून चार्जिंग वाढत नाही, अल्टरनेटरकडून जेवढं पोचेल तेवढंच तिच्यात जाणार.

भुसावळ_४६_डिग्री

काय भो, बॅटरीचं पाणी कोणीच विचारलं नाही. आमच्याकडे मे मध्ये ४५ च्या वर पारा जातो, बॉनेटखाली तर काय विचारू नका, बॅटरीतलं पाणी झपाट्याने उडतं. आणि गरम बॅटरीला तोच व्होल्टेज जास्त ठरतो, अंशामागे साधारण ०.०२ व्होल्टचा हिशोब धरतात, म्हणजे २५ ला जो १४.४ बरा वाटतो तो आपल्या उन्हाळ्यात बॅटरी उकळवू शकतो. म्हणून कोणी म्हटलं चार्जिंग वाढवून घ्या तर ऐकू नका, इथे १४ च्या आसपास मिळालं तर भरपूर. पाणी डिस्टिल्डच, बोअरचं अजिबात नाही, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती ते घरातली बादली बघितली तरी कळतं. सहाही सेलची ग्रॅव्हिटी हायड्रोमीटरने बघून घ्या, एका सेलची बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने कमी आली तर तो सेल गेला, मग बॅटरी नवी असली तरी वॉरंटीत द्या.

पद्मिनीवाला_अमळनेर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट कोणी समजावलंच नव्हतं. चुलतभावाला सेल्फ मारायला बसवून सगळे आकडे घेतले. सकाळी उभ्या गाडीत १२.५. सेल्फ मारताना १०.४. चालू, लाईट बंद, १३.६. हेडलाईट लावून बॅटरीवर १२.९. त्याच वेळी अल्टरनेटरवर १४.३. प्लस टू प्लस १.१ आणि मायनस ते अल्टरनेटर बॉडी ०.३. सहाही सेल जवळपास सारखे आहेत.

करंटचं पण बघितलं. पारोळ्याच्या पुढे बंद पडली तेव्हा लगेच मधली वायर काढून बघितली तर करंट बारीक पिवळा, मध्ये मध्ये गायबच. ओला फडका पंपावर टाकून काही फरक पडला नाही. कॉइलला हात लावला तर लावून ठेवता येत नव्हता इतकी तापलेली. काच फिल्टरमध्ये पेट्रोल व्यवस्थित दिसत होतं.

अजून एक, इग्निशन स्विचच्या मागचं प्लास्टिक तपकिरी झालेलं दिसलं, स्विच पण कोमट लागतो.

चाळीसगाव_बायपास

मग पेट्रोलचं नाही, माझा अंदाज बाद. कॉइल इतकी तापायला नको. नाना बघा.

मीटरवाला_धुळे

सुंदर आकडे आहेत. १४.३ बनतोय आणि बॅटरीवर १२.९ पोचतोय, १.४ चा फरक, त्यातला १.१ प्लसच्या वायरीत आणि ०.३ अर्थिंगमध्ये, हिशोब तंतोतंत जुळतो. अल्टरनेटर चांगला आहे, त्याला हात लावू नका. १२.९ वर बॅटरी भरतच नाही, जेमतेम उतरत नाही एवढंच, म्हणून रात्रीच्या फेऱ्यांनंतर सकाळी सेल्फ जड.

माझा संशय जुन्या रेग्युलेटरच्या डब्यावर आहे. डायनामोच्या काळात सगळा करंट त्या डब्यातून जायचा आणि डायनामो वीसबावीस अँपिअरचा, वायर तेवढ्याच जाडीची. अल्टरनेटर ३५-४० देऊ शकतो. बसवणाऱ्याने नवीन जाड वायर न ओढता जुन्याच वायरी डब्याच्या टर्मिनलला एकत्र पिळून जोडल्या असतील, बऱ्याच ठिकाणी असंच करतात. मीटरची लाल वायर अल्टरनेटरच्या बोल्टवरच ठेवा आणि काळी एकेका जोडावरून पुढे सरकवत बॅटरीपर्यंत या, जिथे आकडा एकदम उडी मारेल तो जोड दोषी.

शिरपूरचे नाना

चार्जिंगचं धुळेकरांनी सांगितलं, त्यात माझं काही वेगळं नाही. मला कॉइलने विचारात टाकलं. दोन प्रश्न. नवीन कॉइल टाकायच्या आधी गाडी अशी पूर्ण बंद पडायची का? आणि कॉइलच्या दोन्ही बारीक वायरी काढून दोन टर्मिनलमधला रेझिस्टन्स मीटरवर किती येतो? आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना लावून जे दाखवेल ते वजा कर, स्वस्त मीटर स्वतःच ०.२-०.३ दाखवतो. कॉइलवर काही छापलेलं आहे का ते पण बघ.

पद्मिनीवाला_अमळनेर

नाना, आधी थोडं मिसिंग होतं पण बंद नव्हती पडत. बंद पडायला लागली ती कॉइल टाकल्यानंतरच, आणि लाल दिवा पण आधी अगदी काळोखातच दिसायचा, आता जास्त दिसतो. रेझिस्टन्स १.७ आला, मीटरचा ०.२ वजा करून १.५. कॉइलच्या बुडाशी बारीक इंग्रजी अक्षरात छापलंय की बाहेरून रेझिस्टर लावून वापरा. असा कुठला रेझिस्टर गाडीत दिसत नाही. पॉइंट काढून बघितले तर नवीन असून निळे काळे झालेत, खड्डा पडलाय.

शिरपूरचे नाना

सापडलं.

बाजारात कॉइल दोन जातीच्या मिळतात आणि बाहेरून हुबेहूब सारख्या दिसतात. एक सरळ बारा व्होल्टवर चालणारी, तिचा प्रायमरीचा रेझिस्टन्स ३ ओहमच्या आसपास. दुसरी बॅलास्टवाली, ती दीड ओहमची, तिच्या आधी वायरीत दीड ओहमचा वेगळा रेझिस्टर पाहिजे, तो सेल्फ मारताना बायपास होतो म्हणजे थंडीत चालू करायला करंट जोरदार मिळतो आणि चालू झाल्यावर पॉइंट बंद असताना कॉइलला साधारण निम्मेच व्होल्ट जातात. तुझ्या गाडीत बॅलास्ट नाही, त्यामुळे ही दीड ओहमची कॉइल पूर्ण व्होल्टेज खातेय.

हिशोब करून बघ. १४ व्होल्ट भागिले ३ म्हणजे पॉइंट बंद असताना ४.७ अँपिअर. १४ भागिले १.५ म्हणजे ९.३. दुप्पट करंट, दुप्पट उष्णता, आणि चार सिलिंडरच्या गाडीत पॉइंट साधारण दोन तृतीयांश वेळ बंदच असतात म्हणजे कॉइलला श्वास घ्यायला वेळच नाही. तापली की आतलं इन्सुलेशन दम सोडतं, करंट आतल्या आतच फुटतो, प्लगपर्यंत येत नाही, गाडी बंद. अर्ध्या तासात गार होते, परत चालू. पॉइंट जळाले ते पण त्यामुळेच, ते एवढ्या करंटसाठी बनलेलेच नसतात. आणि हाच जास्तीचा करंट इग्निशन स्विचमधून जातोय म्हणून स्विच कोमट, प्लास्टिक तपकिरी, तिथे अजून व्होल्टेज पडतोय आणि म्हणून लाल दिवा कॉइल बदलल्यापासून जास्त पेटतोय. तू विचारलंस ना दोन्हीचं मूळ एक आहे का, मूळ दोन आहेत पण एक दुसऱ्याला जोर देतंय.

आता काम असं कर. ३ ओहमची बिगर बॅलास्टची कॉइल आण, दुकानात मीटर घेऊनच जा, डबा न बघता टर्मिनलवर मोजून घे. ही काढलेली परत वापरू नकोस, एवढी तापलेली कॉइल भरवशाची राहत नाही. पॉइंट नवीन, कंडेन्सर पण नवीन, कंडेन्सर साधारण ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरडचा असतो, मीटरला ती सोय असेल तर मोजून घे, आजकाल नवीन कंडेन्सर डब्यातूनच मेलेले निघतात. पॉइंटचा गॅप फीलर गेजने, अंदाजे ०.४ मिलीमीटर, तुझ्या डिस्ट्रिब्युटरचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघ. गॅप बदलला की टायमिंग पण थोडं सरकतं, म्हणून शेवटी टायमिंग तपासायचंच. कॉइलच्या प्लसमायनसच्या वायरी होत्या तशाच लाव. आणि यापुढे गाडी बंद असताना रेडिओ ऐकायला किल्ली इग्निशनवर ठेवायची नाही, पॉइंट बंद स्थितीत थांबले असतील तर कॉइलमधून सतत करंट जात राहतो आणि चांगली कॉइल पण उभ्या उभ्या भाजते.

चार्जिंगसाठी अल्टरनेटरच्या बोल्टपासून सेल्फच्या सोलेनॉइडच्या बॅटरीवाल्या बोल्टपर्यंत ६ किंवा ८ चौरस मिलीमीटरची नवी वायर, बॅटरीच्या बाजूला फ्यूज टाकून. जुना डबा मध्ये ठेवायचा नाही. थिंबल दाबयंत्राने दाबून घे, पकडीने चेपलेली महिन्यात ढिली होते. इंजिन ते बॉडी अर्थिंगची विणलेली पट्टी नवीन, दोन्हीकडचा रंग पॉलिश पेपरने खरवडून उघड्या लोखंडावर, वरून ग्रीस. हेडलाईटला रिले दोन टाकले तर स्विचवरचा भार अजून कमी होईल. हे सगळं करायच्या आधी बॅटरीचा मायनस काढून ठेव. आणि एक कायम लक्षात ठेव, अल्टरनेटरची गाडी चालू असताना बॅटरीची वायर कधी काढायची नाही, जुने मिस्त्री डायनामोच्या सवयीने तसं करून चार्जिंग बघतात आणि डायोड उडवतात. बॉडीला वेल्डिंग करायचं असेल तेव्हा पण अल्टरनेटरच्या वायरी आधी सोडव.

पद्मिनीवाला_अमळनेर

नाना, धुळेकर, सगळं झालं. रेग्युलेटरच्या डब्यात खरंच तीन वायरी एका स्क्रूखाली पिळलेल्या होत्या, वरून टेप, आतून हिरव्या पडलेल्या, सगळा १.१ पैकी बहुतेक तिथेच पडत होता. तो डबा तिथेच ठेवलाय, दिसायला मूळ गाडी दिसावी म्हणून, पण आता त्यातून काही जात नाही. नवी ८ चौरसची वायर, फ्यूज, इंजिनची अर्थिंग पट्टी. कॉइल दुकानात मोजून घेतली, पहिली दोन दीड ओहमचीच निघाली, दुकानदाराला पण माहीत नव्हतं, मग आतून शोधून ३.१ ची काढून दिली. इग्निशन स्विच बदलला.

आता हेडलाईट लावून अल्टरनेटरवर १४.२, बॅटरीवर १४.०, कॉइलच्या प्लसवर १३.७. लाल दिवा काळोखात हाताचा आडोसा करून बघितला तरी दिसत नाही. धुळ्याला भर दुपारी जाऊन आलो, पुढे चाळीसगावकडून घाटात पण नेली, वर थांबून कॉइलला हात लावला, गरम आहे पण हात ठेवता येतो. वडील शेजारी बसले होते, काही बोलले नाहीत पण परत येताना चावी मागितली आणि स्वतः चालवत आणली. तुम्हा सगळ्यांना एकदा अमळनेरला यायचंच आहे, भरीत आणि कळण्याची भाकरी माझ्याकडे.

यावल_अँबेसिडर

धागा वाचून राहवत नाही म्हणून इथेच विचारतो. माझ्याकडे जुनी मार्क टू अँबेसिडर आहे, अजून मूळचा डायनामो. ओव्हरहॉल करून आणला तेव्हापासून चार्जच करत नाही, अँमीटरचा काटा शून्याच्या पलीकडे जातच नाही. वाइंडिंगवाला म्हणतो रेग्युलेटर गेला. नवीन रेग्युलेटर घेऊ का?

शिरपूरचे नाना

थांब, डायनामो आधी एकटा तपासून घे, रेग्युलेटरशिवाय. पट्टा बघ, अंगठ्याने मधोमध दाबून अर्धा इंचभर दबला पाहिजे. मग डायनामोच्या दोन्ही वायरी काढ, डी मोठं टर्मिनल आणि एफ छोटं. त्या दोन टर्मिनलना एका तुकड्याने एकमेकांना जोड, आणि तिथून डायनामोच्या बॉडीपर्यंत मीटर लाव, काट्याचा मीटर असेल तर उत्तम. गाडी चालू करून रेस हळूहळू वाढव, साधारण १००० आरपीएमच्या आत व्होल्टेज सरसर चढत २० पर्यंत गेला की डायनामो चांगला आहे, तिथेच थांब, अजून रेस देऊ नको, जळेल. काहीच आलं नाही तर कार्बन ब्रश अडकलेत किंवा घासून संपलेत. एक व्होल्टच्या आसपास अडकला तर फील्ड वाइंडिंग. चारपाचवर अडकला तर आर्मेचर. कॉम्युटेटर काळा असेल तर पेट्रोलच्या फडक्याने पुसून बारीक काचपेपर, एमरी नाही.

पण ओव्हरहॉलनंतरच बंद झालं म्हणतोस तर मला आधी वेगळाच संशय येतो. डायनामोच्या लोखंडात जो थोडा चुंबकपणा उरलेला असतो त्यावरच तो उठतो, खोलाखोलीत तो जातो किंवा उलटा होतो. तो परत भरावा लागतो. आधी बघ तुझ्या गाडीची अर्थिंग प्लस आहे का मायनस, जुन्या अँबेसिडरला प्लस पण असू शकते, बॅटरीची कुठली खुंटी बॉडीला आहे ते डोळ्याने बघ. मग एफची वायर काढलेली ठेवून, बॅटरीची जी खुंटी अर्थ नाही तिथून एक वायर आणून डायनामोच्या एफ टर्मिनलला दोनचार वेळा नुसती टेकवायची, क्षणभर, छोटी ठिणगी पडेल. मग वरची टेस्ट घे.

यावल_अँबेसिडर

केलं नाना. आधी टेस्टला एक व्होल्ट पण येत नव्हता. अर्थिंग मायनस आहे. प्लसवरून एफला टेकवलं आणि परत टेस्ट घेतली तर थोड्याशा रेसवर काटा १८-१९ पर्यंत चढला. वायरी जोडून गाडी चालू केली, अँमीटर प्लसकडे आला. पण गाडी बंद केल्यावर काटा मायनसकडे बराच झुकलेला राहतो, किल्ली काढली तरी.

मीटरवाला_धुळे

बॅटरीची वायर आत्ता लगेच काढून ठेवा. कटआउटचे (डायनामो थांबला की त्याला बॅटरीपासून तोडणारा रेग्युलेटरमधला स्विच) पॉइंट चिकटलेत, बॅटरी उलटी डायनामोत रिकामी होतेय, अशीच राहिली तर डायनामोची वाइंडिंग जळेल. रेग्युलेटरचं झाकण उघडा, कटआउटची पट्टी गाडी बंद असताना वर उचललेली दिसली पाहिजे. दाबलेलीच असेल तर हलकेच सुटी करून पॉइंट साफ करा, फोटो टाका, मग त्याचं सेटिंग बघू, तो साधारण १२.७ ते १३.३ व्होल्टच्या मध्ये मिटला पाहिजे.